लग्नचौक आणि लग्नगडी

वारली लग्नाशी बांधलेले दोन शब्द गेल्या शतकात शहरी मराठी वाचकापर्यंत पोचले. पहिला 'लग्नचौक'. लग्नघराच्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने जे चित्र लिहितात, ते हे. याच चित्रातून पुढे 'वारली चित्रकला' या नावाने जग ओळखते ती कला निघाली. दुसरा शब्द 'लग्नगडी'. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतले आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, बायकोसह त्याच्या दारी राबला, तो हा गडी.

पहिला शब्द कलादालनांत, पुरस्कारांच्या मानपत्रांत, साड्यांवर आणि चहाच्या कपांवर पोचला. दुसरा गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आणि शेतकरी चळवळीच्या आठवणींत राहिला. एकाचा अभ्यास कलासमीक्षक करतात, दुसऱ्याचा चळवळीचे इतिहासकार. ग्रंथालयातही ही पुस्तके वेगवेगळ्या कपाटांत असतात. मात्र दोन्ही शब्द एकाच मांडवातले आहेत. ज्या लग्नासाठी चौक लिहिला जाई, त्याच लग्नासाठी माणूस गहाण पडे. हे दोन इतिहास शेजारी ठेवून वाचले, तर वारली चित्राकडे पाहण्याची आपली सवय बदलावी लागेल, असे मला वाटते. त्यासाठी हा लेख.

चौक कोण लिहिते?

डहाणू, तलासरी, जव्हार, पालघर या पट्ट्यातले जुने वारली घर कारवीच्या कुडाचे. कुडाला माती आणि शेण यांचा लेप, त्यावर गेरूचा हात. या तांबूस भिंतीवर तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या रंगाने चित्र उमटते. लेखणी म्हणजे बांबूची काडी, टोकाला चावून किंवा ठेचून मऊ केलेली. रंग एकच. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या तीन आकारांवर सारी रचना उभी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचे धड होते, त्यावर एक लहान वर्तुळ ठेवले की डोके.

चौकोन मात्र या तिघांत वेगळा आहे. वर्तुळ सूर्यचंद्रावरून आणि त्रिकोण डोंगर-झाडांवरून आला, असे सांगतात. चौकोनाला निसर्गात असा आधार दिसत नाही. तो माणसाने आखलेला, पवित्र ठरवलेला जागेचा तुकडा. लग्नचौक म्हणजे असाच आखलेला तुकडा. त्याच्या कडा नक्षीच्या अनेक पट्ट्यांनी भरतात आणि मध्यभागी पालघट देवी बसते. ही देवी सुफलतेची. शेताची, झाडाझुडपांची आणि नव्या नवरीच्या कुशीचीही. चौकाभोवती झाडे, सूर्य, चंद्र, शिडी, फणी. लग्नचौकाशेजारी लहानसा देवचौक असतो. त्यात पंचशिऱ्या देव घोड्यावर स्वार असतो किंवा उभा असतो.

हा चौक पुरुष लिहीत नाहीत. तो सवासिनींचा अधिकार. चौक लिहून झाल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावते तीही बाईच. तिला धवलेरी म्हणतात. लग्नाची गाणी म्हणत ती विधी पुढे नेते आणि तिच्या गाण्यांत देवांना बोलावणे असते. भगताचे काम वेगळे, ते देव अंगात आणण्याचे. विधीतला मुख्य शब्द बाईचा आणि मुख्य चित्रही बाईचे, अशी ही रचना आहे. ज्या समाजांत लग्न लावायला बाहेरून भट आणावा लागतो, त्यांच्याहून ही रीत मुळातच निराळी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चौक जपून ठेवण्यासाठी नसतो. लग्न उरकले की त्याचे काम संपते. धुराने तो काळवंडतो, पावसाळ्यात भिंत ओलावते, पुढच्या सारवणात तो पुसला जातो. घरात पुन्हा लग्न निघाले की नवा चौक. त्यामुळे १९४० किंवा १९२० साली लिहिलेला एखादा चौक आज आपल्याला पाहता येत नाही. त्या भिंती उरलेल्या नाहीत, आणि ते लिहिणाऱ्या बायकांची नावे तेव्हा कुणी टिपून ठेवली नाहीत.

लग्नाची किंमत

आता त्याच मांडवाची दुसरी बाजू.

वारल्यांत मुलीच्या बापाला देज द्यावे लागे. त्याशिवाय पाहुण्यांना भात, ताडी-दारू, नवे लुगडे, वाजंत्री. सणासमारंभाचा हा खर्च कुठल्याही गरीब घराला जड, पण वारली घराला तो अशक्य होता. कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची जमीन आणि जंगल दोन्ही हातून गेले होते. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगले झाली. लाकूड आणि गवत यांना मुंबईच्या बाजारात भाव होता. शहरातल्या गोठ्यांना आणि तबेल्यांना चारा लागे आणि तो ठाणे जिल्ह्याच्या रानांतून जाई. सारा रोख भरायचा, रोख सावकाराकडेच मिळायची, आणि लेखी कागद वारल्याला वाचता येत नसे. पिढी-दीड पिढीत जमिनी सावकारांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि जमीनदारांच्या नावावर गेल्या. मालक होता तो कूळ झाला आणि कुळाला वेठ लागली. वेठ म्हणजे जमीनदार बोलावील तेव्हा, बोलावील तितके दिवस, पैशाशिवाय काम.

अशा घरात लग्न निघाले की वाट एकच. जमीनदार कर्ज देई. त्याबदल्यात नवरा त्याचा गडी होई आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही त्या घरची होई. कर्ज किती, फिटले किती, उरले किती, हे जमीनदाराच्या वहीत. पोटाला भात मिळे, मजुरी अशी मिळत नसे. हाच लग्नगडी. बाप मेला तर मुलाच्या माथी तेच येई.

हे केवळ चळवळीतल्या माणसांचे म्हणणे आहे, असे कुणी म्हणू नये. मुंबई सरकारने १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याला आदिवासी भागांची पाहणी करायला नेमले. त्याच्या अहवालातही लग्नाच्या कर्जापोटी येणाऱ्या गुलामीची नोंद आहे. म्हणजे १९४५ च्या आधीच सरकारच्या दप्तरात ही गोष्ट पोचलेली होती. फक्त तिच्यावर काही झाले नव्हते.

गोदावरीबाईंच्या पुस्तकाची ताकद अशी की त्या लग्नगड्याच्या बायकोपर्यंत जातात. जमीनदाराचा हक्क नवऱ्याच्या श्रमावर होता, तसा तो बायकोच्या शरीरावरही गृहीत धरला जाई. नकार दिला तर मार. हे वाचताना मला पालघट आठवते. भिंतीवर सवासिनी ज्या नवरीच्या कुशीसाठी देवी लिहीत होत्या, ती नवरी त्याच लग्नाच्या कर्जामुळे दुसऱ्याच्या मालकीची होत होती. चौकातली चौकट आखून घेतलेली पवित्र जागा असेल, तर त्या काळात नवरा-बायकोच्या वाट्याला आलेली तेवढीच जागा स्वतःची म्हणावी अशी होती. त्या बायकांनी असा विचार केला असेल, असा माझा दावा नाही. चौक ज्या परिस्थितीत लिहिला जात होता, ती चित्राच्या वर्णनातून गाळता येणार नाही, इतकेच मला म्हणायचे आहे.

एक वाट आणखी होती. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी विधीशिवाय एकत्र राहत आणि पुढे कधी तरी, मुले झाल्यावरही, लग्न लावून घेत. ही पद्धत आजही पूर्ण संपलेली नाही, म्हणून तर आदिवासी भागात सामुदायिक विवाह होतात. विधी लांबणीवर टाकता येतो, पण तो सोडून देता येत नाही. कारण विधीशिवाय धवलेरी नाही, चौक नाही, आणि देवांपुढे ते नवरा-बायको नाहीत. जमीनदाराला हे माहीत होते. श्रद्धेची निकड हेच त्याच्या कर्जाचे तारण होते.

१९४५

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली. तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे आले होते, त्यांत झरीचे माह्या धांगडा होते. (त्या तालुक्याचा काही भाग आज गुजरातेत आहे आणि तलासरीकडचा भाग महाराष्ट्रात.) त्यांनी आपल्याकडच्या वेठीची हकिकत परिषदेत सांगितली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यानंतर त्या भागात गेले. २३ मे १९४५ ला झरी येथे वारल्यांची सभा भरली. काही हजार लोक आले. वेठ करायची नाही, रोजची १२ आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर काम करायचे नाही, असे ठरले.

आणि लग्नगडी मोकळे करायचे ठरले. झरीनंतरच्या आठवड्यांत वारल्यांचे जथे जमीनदारांच्या घरांवर गेले आणि त्यांनी लग्नगड्यांना बाहेर बोलावून घेतले. कर्जाचा हिशेब झाला नाही, कोर्टकचेरी झाली नाही. माणसे उठून आपल्या पाड्यावर परतली. मला हा प्रसंग सबंध लढ्यातला सर्वांत मोठा वाटतो. मजुरीचे दर पुढे वर-खाली झाले, संप कधी जिंकले कधी हरले, पण लग्नगडी ही संस्था त्यानंतर पुन्हा उभी राहू शकली नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच वारली मारले गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरीबाईंवर हल्ला होणार आहे, अशी आवई उठवून लोकांना तिथे जमवण्यात आले होते. पुढे परुळेकर दांपत्यावर ठाणे जिल्ह्यातून हद्दपारीचे हुकूम निघाले. शामरावांनी १९४७ साली या लढ्यावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. गोदावरीबाईंचे मराठी पुस्तक १९७० साली आले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला.

योगायोग असा की वारल्यांवरचे एक जुने महत्त्वाचे पुस्तक, के. जे. सावे यांचे इंग्रजी 'द वारलीज', प्रसिद्ध झाले तेही १९४५ सालीच. एका बाजूला समाजाच्या चालीरीतींची नोंद छापली जात होती आणि त्याच वर्षी तो समाज आपल्या चालीरीतींना लागलेली जळू काढून टाकत होता.

भिंतीवरून कागदावर

पुढचा अध्याय कलेचा. तो बहुतेक वाचकांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात.

भास्कर कुलकर्णी हे हातमाग आणि हस्तकलांच्या सरकारी यंत्रणेत काम करणारे चित्रकार. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून ते मधुबनीला गेले, आणि भिंतीवर चित्रे काढणाऱ्या तिथल्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला. चित्रे विकून दुष्काळात चार पैसे मिळावेत, हा हेतू. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते डहाणूकडच्या वारली पाड्यांवर आले. इथेही त्यांनी कागद आणि रंग दिले. बायका बुजल्या आणि एक पुरुष पुढे आला, असे सांगितले जाते. तो जिव्या सोमा मशे.

जिव्या मशे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली. त्या धक्क्याने त्यांचे बोलणे बंद झाले आणि काही काळ ते धुळीत चित्रे काढूनच काय ते सांगत. पुढे ते गंजाडजवळच्या कलंबीपाड्यावर राहिले. चौक लिहिणे बायकांचे काम, तरी त्यांनी ते उचलले आणि विधीच्या बाहेर नेले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार. २००३ साली जर्मनीत ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत प्रदर्शन. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले.

त्यांच्या हाती चित्रात काय बदलले, ते पाहण्यासारखे आहे. चौकोन सुटला. पालघट बाजूला झाली, आणि जे पूर्वी चौकाच्या कडेला होते, ते मध्ये आले. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे, लावणी, मळणी, मुंग्यांच्या रांगा, शिकार. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र प्रसिद्ध आहे. सबंध पट जाळ्याच्या बारीक रेघांनी भरलेला, आणि जाळे हलते आहे असा भास. चौक स्थिर होता, कारण तिथे देवी बसलेली. मशे यांच्या चित्रात काहीच बसलेले नाही. नव्या कागदावर त्यांनी नवी भाषा घडवली. 'पारंपरिक कलाकार' एवढेच त्यांना म्हणणे अपुरे आहे. ते आधुनिक चित्रकार होते.

आता तारखा शेजारी ठेवा. १९४५ साली जिव्या मशे अकरा वर्षांचे होते. १९७५ च्या सुमारास पंचेचाळिशीत असलेली, चौक लिहिणारी सवासीन १९४५ साली पंधरा वर्षांची होती. तिच्या पाड्यावरच्या काहींचे आईबाप लग्नगडी राहिलेले असणार. शहराने ज्या हातांकडे पहिल्यांदा कौतुकाने पाहिले, त्यांना वेठीची आठवण होती.

पण त्या कौतुकाची भाषा काय होती? आदिम, हजारो वर्षांची, काळाच्या बाहेरची. भीमबेटकाच्या गुहाचित्रांशी तुलना झाली, ती आजही प्रत्येक पुस्तिकेत होते. आकारांचे साम्य आहे, ते नाकारायचे नाही. मात्र या तुलनेने एक काम चोख केले. मधला सगळा इतिहास पुसला. दहा हजार वर्षांपूर्वीची गुहा आणि आजचे दालन यांच्यामध्ये १८७८ चा कायदा, सावकाराची वही, झरीची सभा आणि तलवाड्याचा गोळीबार, यांतले काही उरले नाही. गोदावरीबाईंच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला १९७२ साली आणि मशे यांचे पहिले मोठे प्रदर्शन १९७५ साली, दोन्हींमध्ये जेमतेम तीन वर्षांचे अंतर. तरी त्या प्रदर्शनाच्या जगाने त्या पुस्तकाच्या जगाकडे फारसे वळून पाहिले नाही.

सन्माननीय अपवाद आहेत. यशोधरा दालमिया यांच्या १९८८ च्या इंग्रजी ग्रंथाने चौक, धवलेरी, देवकथा यांची बारकाईने नोंद केली. मराठीत डॉ. गोविंद गारे यांनी वारली चित्रसंस्कृतीवर लिहिले. बाजारात गेले ते मात्र नाचणारे वेटोळे तेवढे.

बायकांचे काय झाले?

मधुबनीशी तुलना इथे उपयोगी पडते, कारण कागद देणारा माणूस एकच होता. तिकडे कागद बायकांच्या हाती गेला आणि त्या नावानिशी चित्रकार झाल्या. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, पुढे सीता देवी आणि गंगा देवींना. ज्या २०११ साली जिव्या मशे यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी मिथिलेच्या महासुंदरी देवींनाही मिळाली. तिकडची यादी बायकांची, इकडे नाव पुरुषाचे.

यात मशे यांना दोष देण्यासारखे काही नाही. कारणे समाजात आणि बाजारात शोधावी लागतील. विधीसाठी लिहिणे हा मान होता आणि त्याला लग्नघर लागे. विकण्यासाठी काढणे ही मजुरी, तिला मुंबई-दिल्लीचा प्रवास, प्रदर्शने, व्यापाऱ्यांशी बोलणे लागे. घरचे पाणी-लाकूड-शेत सांभाळणाऱ्या बाईला ते सोपे नव्हते. पुढे बायकाही कागदावर काढू लागल्या, आज पाड्यापाड्यांवर काढतात, कित्येकींचे घर त्यावर चालते. पण पहिल्या दोन-तीन दशकांत नाव झाले ते पुरुषांचे. लग्नगड्याच्या इतिहासात बायको नवऱ्याच्या नावामागे राहिली होती. कलेच्या इतिहासातही ती पहिल्या फेरीत मागेच राहिली.

आजचे चित्र

गेल्या पंधरा वर्षांत मात्र काही बदलले आहे. गाळलेला इतिहास चित्रात परत येऊ लागला आहे, आणि तो आणणारे पाड्यावरचेच कलावंत आहेत.

गंजाडचे राजेश वांगड आणि दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१३ पासून एकत्र काम केले. गिल यांनी गंजाड परिसराची कृष्णधवल छायाचित्रे काढली आणि वांगड यांनी त्या छायाचित्रांवरच वारली रेषेने चित्रे काढली. छायाचित्रात आज दिसणारे उजाड माळरान असते आणि त्यावर रेषांनी उगवलेले, तिथे पूर्वी असलेले जंगल असते. गावच्या देवांच्या जागा, दुष्काळ, दंगे, शहराच्या वाढीने गिळलेली जमीन, हे सगळे त्यात येते. एकाच कागदावर कॅमेऱ्याने पाहिलेले आणि माणसाला आठवलेले, असे दोन्ही. 'काळाच्या बाहेरची कला' या समजाला इतके नेमके उत्तर मी दुसरे पाहिलेले नाही. गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ. ब्रिस्बेनच्या आशिया पॅसिफिक त्रैवार्षिकात २०२१-२२ साली त्यांची 'धरतरी' ही सृष्टीच्या उत्पत्तीवरची चित्रमालिका होती. उत्पत्तीची ही कथा धवलेरी आणि भगतांच्या मुखी राहिलेली. ती चित्रात आणताना चित्र पुन्हा गाण्याकडे जाते.

दुसरीकडे मुंबईत आरे. मेट्रोच्या कारशेडसाठी ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री झाडे पाडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, पण तोवर दोन हजारांवर झाडे गेली होती. आरेतल्या पाड्यांवर राहणारे वारली आणि इतर आदिवासी त्या लढ्यात होते. तिथल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर आणि 'स्वदेशी' हा मुंबईचा रॅप गट यांनी मिळून जे गाणे केले, त्याचे नावच 'द वारली रिव्होल्ट'. म्हणजे १९४५ च्या उठावाचे नाव घेऊनच आजचे जंगल मागितले जात होते. वारल्यांच्या कलेत हा उठाव इतक्या उघडपणे येण्यासाठी सत्तरहून जास्त वर्षे जावी लागली.

खुद्द डहाणूत काय आहे? हा तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केला. औष्णिक वीजकेंद्र त्याआधीच मंजूर झाले होते. आता बुलेट ट्रेनचा मार्ग जिल्ह्यातून जातो. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवणच्या ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या बंदराला मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये त्याचे भूमिपूजन झाले. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध चालू आहे. ज्या जाळ्याचे चित्र जगभर गेले, तसली जाळी टाकण्याच्या जागेचाच आता प्रश्न आहे.

याच सरकारांच्या कार्यालयांच्या, रेल्वे स्थानकांच्या, विमानतळांच्या भिंतींवर वारली चित्रे आहेत. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. अर्ज आदिवासी युवा सेवा संघाने केला होता, म्हणजे आदिवासींच्याच पुढाकाराने हे घडले, आणि ते आवश्यक होते. छापील नकला करून विकणाऱ्यांना त्याने थोडा तरी आळा बसेल. पण हा निर्देशांक ज्या भूगोलाच्या नावाने दिला आहे, त्या भूगोलाचे काय, हे कायदा सांगत नाही. तो शैलीला संरक्षण देतो. शैली जिथून आली त्या जमिनीला, रानाला, खाडीला संरक्षण देणारा कायदा वेगळा आहे, २००६ चा वनहक्क कायदा. त्याचे दावे अजून कित्येक ठिकाणी कचेऱ्यांत पडून आहेत. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो लाँग मार्च चालत आला, त्यातल्या आदिवासींची एक मुख्य मागणी तीच होती.

नोंद कशी लिहावी

लोकरीतीतून आलेल्या कलेबद्दल आपल्याकडे दोन सवयी आहेत. एक, 'अस्सल' काय आणि बाजारी काय याचा वाद घालणे. दुसरी, ती कला म्हणजे निरागस आनंद असे धरून चालणे. दोन्हींत कला करणाऱ्या माणसाला इतिहास नसतो. वारली चित्राच्या बाबतीत हे अधिक खटकते, कारण इथला इतिहास फार जुना नाही, त्याचे लिखित पुरावे आहेत, आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे पुस्तक मराठीत आहे.

म्हणून संग्रहालयांतल्या, पाठ्यपुस्तकांतल्या, प्रदर्शनांतल्या वारली चित्रांखाली जी दोन ओळींची नोंद असते, तिच्यात निदान इतके तरी यावे : हे चित्र मुळात लग्नविधीचे, ते सवासिनी लिहीत, आणि त्या लग्नापायी माणसे गुलाम होत. ती गुलामी वारल्यांनी स्वतः १९४५ साली मोडली. एवढे वाचून जो चित्राकडे परत पाहील, त्याला तारप्याभोवतीचे वेटोळे कदाचित वेगळे दिसेल. हातात हात घेतलेली ती माणसे झरीच्या सभेलाही तशीच आली असतील.

दुसरे काम जास्त तातडीचे आहे. चाळीसच्या दशकात जाणत्या वयाच्या असलेल्या बायका आता जवळपास उरलेल्या नाहीत. पण त्यांच्या मुली आहेत, सत्तरी-ऐंशीच्या. आईने कुणाच्या लग्नात चौक लिहिला, धवलेरी कोण होती, घरातला कोण कुणाकडे लग्नगडी होता, हे त्यांनी ऐकलेले आहे. त्यांच्याकडे कलेचे अभ्यासक चौकाबद्दल विचारायला जातात आणि चळवळीचे अभ्यासक वेठीबद्दल. दोन्ही प्रश्न एकाच बाईला, एकाच बैठकीत विचारायला हवेत. पालघर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत शिकणारी वारली मुले-मुली हे काम सर्वांत चांगले करू शकतील. त्यांना भाषा येते, पाडा माहीत आहे, आणि उत्तर देणारी बाई बहुधा त्यांची स्वतःची आजी असेल.